लग्नाच्या गादीचा आलेख

आमच्या कॉलेजात एसी लावलेली एकच खोली होती आणि तो एसी माणसांसाठी नव्हता, एका यंत्रासाठी होता. यवतमाळचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सांगायला नकोच की मार्च संपला की त्या यंत्राची विचारपूस करणारे फार वाढत. इतिहासाचे सर येत, मराठीचे येत, खेळाचे सर तर शिट्टी गळ्यात असतानाच येत. "काय म्हणतंय यंत्र?" असं विचारून घाम वाळेपर्यंत बसत. मी रसायनशास्त्र शिकवायची आणि त्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. त्यामुळे उन्हाळ्यात माझ्याशी कोणी भांडत नसे.

यंत्राचं नाव अवरक्त वर्णपटमापक. एका मोठ्या संस्थेनं नवं घेतलं, म्हणून तिथलं जुनं आमच्याकडे आलं होतं. त्याचं काम मी दरवर्षी मुलांना चुलीच्या उदाहरणानं सांगायची. चुलीसमोर हात धरला की जाळ दिसतो आणि शेक लागतो. जाळ डोळ्यांना दिसतो, शेक दिसत नाही. तो शेक आणणारे किरण म्हणजे अवरक्त. आता कुठल्याही पदार्थात अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडण्या सारख्या थरथरत असतात. प्रत्येक जोडणी आपल्या थरथरीशी जुळणारे किरण तेवढे गिळते, बाकीचे जाऊ देते. कुठले गिळले आणि किती, हे यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढून दाखवतं. जिथं गिळले तिथं रेघ खाली जाते. साखरेची रेघ वेगळी, मेणाची वेगळी, कापसाची वेगळी. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखं, असं पुस्तकात लिहितात. मला ती उपमा पूर्ण पटत नाही, पण त्याबद्दल पुढे.

ज्या वर्षांबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात बहुधा वाईट बातमीतच येई. कापसाला भाव नव्हता. भाव चढेल या आशेनं लोक कापूस विकत नसत, घरातच भरून ठेवत. बैठकीत कापूस, देवघराच्या दाराशी कापूस, आणि घरातली सगळी माणसं अंग खाजवत. पण लग्नं होतच होती, आणि लग्न म्हटलं की गादी आलीच. मुलीला आंदणात गादी द्यायची ती शेतातल्या कापसाची, विकत घेतलेल्या रुईची नाही, यावर आमच्याकडची माणसं फार ठाम असतात.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात एक सहकारी होते. त्यांचं शेत नेरकडे. त्यांच्या मुलीचं लग्न दारव्ह्याला ठरलं तेव्हा घरचा कापूस त्यांनी जिनिंगमधून सरकी काढून आणला आणि मला विचारलं, "वहिनी, गादीवाला कोणता चांगला?" मी एका क्षणात आमच्या गल्लीतल्या चाचांचं नाव सांगितलं. चाचांचं पिंजण्याचं दुकान आमच्या घरापासून चौथं. त्यांचे वडीलही हेच करत. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या चाचांच्या, आणि हिशेबाची सवय असल्यामुळे सांगते, एकीचाही कापूस नऊ वर्षांच्या आत गोळा झालेला नाही.

लग्न झालं, गादी दारव्ह्याला गेली. दिवाळीनंतर एका सकाळी चाचा आमच्या फाटकाशी आले. आत या म्हटलं तरी आत येईनात.

"म्याडम, एक सांगा. तुमची मशीन कसम खाऊन बोलते का?"

"काय झालं चाचा?"

"त्या पोरीच्या सासऱ्यानं भर बाजारात मले चोर म्हटलं."

गोष्ट अशी होती. मुलीच्या सासरी मच्छर अगरबत्तीचा निखारा गादीच्या कोपऱ्यावर पडला. खोळीला भोक पडलं आणि आत राख व्हायच्या ऐवजी काळा टणक मणी तयार झाला. मुलीचे सासरे कापसाचे अडते. आमच्याकडे कापसात काही भेसळ आहे का हे पाहायला चिमूटभर घेऊन काडी लावतात. कापूस असला तर कागदासारखा जळतो आणि चुरगळणारी राख राहते. नायलॉन-पॉलिएस्टर असलं तर वितळून मणी होतो. हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं, अडत्याला तर असणारच. तो मणी पाहिला आणि त्यांचं ठरलं: चाचांनी शेतातला चांगला कापूस काढून घेतला आणि गादीत कारखान्याचा कचरा भरला. चाचा दारव्ह्याच्या आठवडी बाजारात दुकान लावत. तिथं उभं राहून सासरे हे मोठ्यानं बोलले.

"आता लोक आपापली गाठोडी वापस मागून राह्यले," चाचा म्हणाले. "म्हन्ते, चाचा, सध्या राहू द्या, पोराचं लग्न पुढं गेलं. तीन घरची लग्नं एकाच दिवशी पुढं गेली, म्याडम!"

हसू आलं तरी मला त्यातली गोम कळत होती. पिंजाऱ्याचा धंदा निव्वळ विश्वासावर चालतो. माणूस घरच्या कापसाचं गाठोडं त्याच्या हाती देतो आणि शिवलेली गादी घेऊन जातो. आत तोच कापूस आहे का, हे पाहायला कोणी गादी उसवत नाही. एकदा का शंका आली की गाठोडं येत नाही, आणि लग्नसराई तोंडावर होती. त्यातून नाव मी सुचवलेलं. माझा नवरा चहा पिता पिता म्हणाला, "शिफारस तुझी, मशीन तुझी. आता निकाल विरुद्ध लागला तर गादी आपल्याच डोक्यावर."

मी सांगितलं की गादीतला कापूस दोन्हीकडच्या माणसांसमोर काढून पाकिटात घालून पाठवा. मुलीचे वडील स्वतः दारव्ह्याला जाऊन घेऊन आले. भोक मोठं करायला मुलीच्या सासूबाई तयार नव्हत्या, म्हणून गादीच्या मधल्या शिवणीतून बोटभर कापूस काढला होता.

कापसाचा आलेख काढणं हे दिसतं तितकं सोपं नाही. कापूस खलबत्त्यात कुटला जात नाही, नुसता दबतो. ब्लेडनं त्याचे अगदी बारीक तुकडे करायचे, कोरड्या क्षारात मिसळायचे आणि दाबयंत्रात दाबून काचेसारखी पातळ चकती करायची. हवेत दमटपणा असला तर चकती धुकट होते, म्हणून तर तो एसी. चाचा खोलीच्या दाराशी उभे होते. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या आणि टोपी नीट केली होती.

पेन सरकू लागलं. डाव्या बाजूला कापसाची पसरट दरी आली, उजवीकडे, कागदाखाली छापलेल्या आकड्यांत हजारापासून साडेअकराशेपर्यंतची दातेरी खोल दरी आली. पॉलिएस्टर असतं तर सतराशे वीसच्या आसपास रेघ विहिरीसारखी सरळ खाली गेली असती. तिथं विहीर नव्हती.

"हीर नाई?" चाचांनी विचारलं.

"नाही. हा कापूस आहे. पण चाचा, ही एक चिमूट आहे. चिमूट म्हणजे गादी नव्हे."

दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. कागदाची प्रत त्यांनी मागून घेतली, आणि दोन दिवसांनी भाजी आणायला गेले तर तो आलेख काचेच्या फ्रेममध्ये दुकानात टांगलेला. शेजारी मक्केचं चित्र. चाचा गिऱ्हाइकांना काठीनं दाखवत होते: "हे पाहा. इथं हीर असती तं मी चोर. आहे का हीर? मंग?" एक गाठोडं परतही आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुलीचे सासरे कॉलेजात हजर. गृहस्थ अंगानं भारी, सफारीत, हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी बाटली. बाटलीत तो काळा मणी. खुर्चीत बसले आणि आधी एसीकडे कौतुकानं पाहून घेतलं.

"म्याडम, तुमची मशीन खरी, मायी काडी खोटी, असं बाजारात चालू हाये. कापसात मायी दाढी पिकली. तुमी पाह्यलं ते मधातलं. हे पाहा न मंग."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी मणी फोडला, करपलेला भाग बाजूला केला आणि आतलं ब्लेडनं खरवडून चकती केली. पेन सतराशे वीसपाशी आलं आणि सरळ खाली गेलं. इतकी स्वच्छ विहीर मी विद्यार्थ्यांना दाखवायच्या नमुन्यातही पाहिली नव्हती.

"झाली हीर?" ते म्हणाले.

"झाली," मी म्हटलं. यंत्रासमोर दुसरं बोलता येत नाही.

संध्याकाळी मी चाचांच्या दुकानी गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. अशा गोष्टी मला गोड करून सांगता येत नाहीत. चाचांनी ऐकलं, फ्रेम काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. मग बराच वेळ हातातली दोरी गुंडाळत राहिले.

"म्याडम, तुमाले काय वाटते?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही. मधल्या भागात कापूस आहे आणि कोपऱ्यात पॉलिएस्टर आहे. दोन्ही खरं आहे. गादी सगळी उघडल्याशिवाय मला पुढे काही सांगता येणार नाही."

"उघडा मंग," चाचा म्हणाले. "माया दुकानात उघडा, त्यायच्यासमोर उघडा. अर्धा किलो जरी निघालं तं मी पिंजण बंद करून पोराच्या गॅरेजवर पंक्चर काढाले बसतो."

गादी उघडायला खरा विरोध झाला तो मुलीच्या आईकडून. लग्नाची गादी वर्षाच्या आत उसवू नये असं तिचं म्हणणं. शेवटी ती या अटीवर कबूल झाली की उसवताना ती स्वतः हजर राहील, आणि पहिला टाका सवाष्ण बाईच्या हातानं निघेल. ती सवाष्ण मी. मला शिवणातलं काही येत नाही, पण अट पुरी झाली.

रविवारी सकाळी चाचांच्या दुकानामागच्या अंगणात मोठी चादर अंथरली. गादी दारव्ह्याहून जीपच्या टपावर आली, तिच्यासोबत सासरे. मुलीचे आईवडील नेरहून आले. मी कॉलेजातून तराजू आणला होता, रसायनं मोजायचा, काचेच्या पेटीतला. नवरा मजा पाहायला आला होता. त्यालाही मी कापूस विंचरायला बसवलं.

आधी चाचांच्या काट्यावर गादीचं वजन केलं. खोळ वेगळी केली, कापूस पंधरा किलोला थोडा कमी भरला. मग सगळ्यांनी गोल बसून मूठ मूठ उकलायला सुरुवात केली. तासाभरात सगळ्यांचे केस सारखेच पांढरे झाले. सासरे सफारीतच मांडी घालून बसले होते आणि सवयीनं प्रत्येक मुठीची प्रत व्याह्यांना सांगत होते. "कापूस झकास हाये, इवाई. हा तुमी इकला असता तं..."

"कोनाले इकला असता?" मुलीच्या आईनं विचारलं. "तुमाले? तुमी तं ओला हाये म्हनून वजन कापून घेतलं असतं."

"ईनबाई, मी तुमच्याकून कसा कापून घेईन?"

"मंग आमच्या चाचाले चोर काहून म्हटलं?"

त्यावर ते जोरात विंचरू लागले.

जळलेल्या कोपऱ्याकडे वळलो तेव्हा पहिला धागा मुलीच्या वडिलांच्या हाती लागला. मग माझ्या, मग चाचांच्या. फिकट, धुऊन धुऊन पांढुरके झालेले, पण नीट पाहिलं तर पोपटी. काही सुटे, काही फाटक्या कापडाच्या बोटभर चिंध्या, कापसात घट्ट गुंतलेल्या. सगळे त्या एका कोपऱ्यात. मी ते बशीत जमवले आणि तराजूत घातले. साडेअकरा ग्रॅम.

"पंधरा किलोत साडेअकरा ग्रॅम," मी म्हटलं. "हजार भागांत एक भागसुद्धा नाही. भेसळ करणारा माणूस किलोनं करतो, आणि पांढऱ्या मालाची करतो. पोपटी कोण घालेल?"

"मंग हे आलं कुठून?" सासरे म्हणाले. प्रश्न रास्त होता.

तेवढ्यात मुलीच्या आईनं बशीतली एक चिंधी उचलली. तिच्या काठावर बारीक बुट्टी होती. ती बाईंनी अंगठ्यानं चोळली, उजेडात धरली आणि तोंडाला पदर लावला.

"अवं माय! हे तं मायी ओटी हाये."

कापूस वेचणाऱ्या बाया जुन्या साडीची झोळी कमरेला बांधतात. वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचं आणि भरली की रिकामी करायची. तिला ओटी म्हणतात. पूर्वी ओटी सुती लुगड्याची असे. आता आमच्याकडे सुती साडी नेसतंय कोण? सगळ्या साड्या पॉलिएस्टरच्या, धुवायला सोप्या, वाळायला सोप्या, म्हणून ओटीही पॉलिएस्टरची. भाव नाही म्हणून कापूस घरात भरून ठेवला, तेव्हा बाईंनी ओटी सोडून ढिगावरच टाकली होती. वरून आणखी कापूस पडला. जिनिंगला नेताना ढीग तसाच पोत्यांत भरला गेला. सरकी काढणाऱ्या यंत्रानं ओटीच्या चिंध्या केल्या, बऱ्याचशा तिथल्या कचऱ्यातच गेल्या, उरलेल्यांचे चाचांच्या पिंजणानं धागे केले. शेवटच्या पोत्यातला कापूस शेवटच्या कोपऱ्यात भरला गेला.

"आन मी ते ओटी कुठं कुठं नाई शोधली!" बाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "म्या जाऊबाईले म्हटलं, तूच नेली. चार बायांत म्हटलं. दिवाळीपासून बोलत नाई ते माह्यासंगं."

मग माझ्या नवऱ्याला हसू फुटलं, त्याच्यामागून मुलीच्या वडिलांना, आणि शेवटी चाचांनाही.

"म्हंजे आपून दोघंय चोर," चाचा म्हणाले. "मी आन तुमची जाऊबाई."

सासरे मात्र सहज मानणारे नव्हते. "म्याडम, हे मशीनवर सिद्ध होईल का? हा धागा ईनबाईच्याच साडीचा म्हनून?"

त्या साडीचा उरलेला अर्धा भाग नेरच्या घरी न्हाणीच्या दाराला पडदा म्हणून लावलेला होता. तो मागवला. दोन दिवसांनी मी गादीतला धागा आणि पडद्यातला धागा, दोन्हींचे आलेख काढले आणि सगळ्यांना बोलावून एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. विहीर विहिरीवर बसली, उजवीकडचे सगळे खाचखळगेही बसले.

"झालं सिद्ध!" मुलीचे वडील म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "इतकंच सिद्ध झालं की दोन्ही पॉलिएस्टर आहेत. साहेबांच्या सफारीचा धागा काढून घातला, तरी त्या विहिरीची जागा हलणार नाही. कोणाची साडी हे यंत्राला कळत नाही." अंगठ्याच्या ठशाची उपमा मला पटत नाही ती यामुळे.

सासऱ्यांनी नकळत सफारीची बाही मागे घेतली. मुलीच्या आईला माझा राग आला असावा.

"वयनी, मायी साडी मले ओळखाले मशीन कायले पाह्यजे? तीन वर्षं नेसली, दोन वर्षं तिच्यात कापूस येचला. हे बुट्टी पाहा, हे पडद्याची बुट्टी पाहा. आन इवाई, तुमी सांगा आता. का आनखीन काडी लावून पाह्यता?"

सासऱ्यांनी चिंधी आणि पडदा शेजारी शेजारी धरले. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. कापसाच्या माणसाला विणीतलं कळतं. मग चाचांकडे वळून म्हणाले, "चाचा, चुकलं माह्यं. चला, चहा घेऊ."

"चहा घेतो," चाचा म्हणाले, "पन चोर तुमी मले बाजारात म्हटलं न साहेब. माफी चहावर कशी होईन?"

"मंग? बाजारात हात जोडू?"

"हात नका जोडू. मोठे मानूस तुमी, मले बरं नाई वाटनार. गादी मी पुन्हा भरून बाजारात आनतो. तुमी फक्त तिच्यावर लेटून दाखवा. लोकायले समजते."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आलेखाची गुंडाळी करू लागले. तो माझ्या विषयाचा भाग नव्हता.

पुढच्या बाजाराला आम्ही नवराबायको जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दारव्ह्याला गेलो. कारण सांगायला तूर घ्यायची होती. चाचांनी दुकानाच्या मधोमध बाज टाकली होती आणि तिच्यावर ती गादी, नव्या खोळीत, कापूस पुन्हा पिंजून फुगवलेला. सासरे आले. बरोबर मुलगा, सून, दोन-चार अडते. गर्दी जमायला वेळ लागला नाही, कारण चाचांनी सकाळपासून प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.

"हे चाचा इमानदार मानूस हाये," सासरे मोठ्यानं म्हणाले. "मायी चूक झालती. गादीत सुनेच्या घरचाच कापूस हाये. सगळा मी माह्या हातानं इंचरला."

"लेटा न मंग!" मागून कोणी तरी ओरडलं.

त्यांनी चपला काढल्या, बाजेवर बसले, मग आडवे झाले. बाज करकरली. आधी छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहत होते, सभेत सत्काराला बसलेल्या माणसासारखे. एक अडता म्हणाला, "कशी हाये?" ते म्हणाले, "नरम हाये." मग कुशीवर वळले. पहाटेपासून कापसाच्या गाड्या पाहत फिरलेला माणूस, ऊन कोवळं, गादी नवी पिंजलेली. लोक हसता हसता हळूहळू गप्प झाले, कारण गृहस्थांना खरोखरच झोप लागली होती.

सून लाजून पुढे झाली. "मामाजी, उठा न..."

चाचांनी तोंडावर बोट ठेवून तिला मागे सारलं. "राहू दे बेटी, झोपू दे." आणि समोर गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला बाजूला नेऊन, आवाज अगदी खाली आणून विचारलं, "बोला, पलंग किती बाय कितीचा हाये?"